वाचक विचारतात : दुसरा रिचर्ड उपाशी मेला की त्याला मारलं?

मागच्या अंकात वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमधल्या कबरींबद्दल लिहिताना इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डवर मी एकच ओळ लिहिली होती, की याला गादीवरून उतरवलं आणि पुढे कैदेत गेला. तेवढ्यावर इतकी पत्रं आणि मेल आल्या की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून एकत्र केलेत.

प्रश्न : मी लंडनला मुलीकडे गेले होते तेव्हा ती कबर बघितली. राजाराणी शेजारी शेजारी झोपलेत पण हात तुटलेले. गाइड म्हणाला की हा राजा लहान असताना फार धीट होता. मग शेवट असा का झाला ताई? (ठाण्याहून एक वाचक)

गाइड खरं बोलला. रिचर्डचा जन्म ६ जानेवारी १३६७ चा, फ्रान्समधल्या बोर्दोचा. बाप म्हणजे ब्लॅक प्रिन्स, लढायांमध्ये नाव काढलेला युवराज, तो १३७६ मध्ये गेला आणि पुढच्या वर्षी आजोबा तिसरा एडवर्डही गेला, म्हणजे दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर मुकुट आला. १६ जुलै १३७७ ला राज्याभिषेक झाला, कारभार अर्थातच मोठ्यांच्या हातात, त्यात सगळ्यात वजनदार म्हणजे काका जॉन ऑफ गाँट, लँकेस्टरचा ड्यूक.

मग आला जून १३८१. फ्रान्सबरोबरच्या लढाईचा खर्च भागवायला डोईपट्टी बसवली होती, तीही चार वर्षांत तिसऱ्यांदा, आणि यावेळी माणशी एक शिलिंगच्या हिशोबाने. केंट आणि एसेक्सचे लोक उठले आणि थेट लंडनमध्ये घुसले, टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात शिरून त्यांनी आर्चबिशपचं मुंडकं उडवलं. १५ जूनला स्मिथफील्डच्या मैदानात त्यांचा पुढारी वॉट टायलर राजाशी बोलायला पुढे आला, तिथे बाचाबाची झाली आणि लंडनच्या मेयरने त्याला खाली पाडलं. समोर हजारो लोक, धनुष्यं ताणलेली, अशा वेळी हा चौदा वर्षांचा मुलगा एकटा घोडा पुढे घालतो आणि सांगतो की आता तुमचा पुढारी मीच, माझ्यामागे या. आणि लोक गेले त्याच्यामागे! मला तरी मध्ययुगातल्या कुठल्याही राजाचा एवढा धीराचा क्षण आठवत नाही.

पण गाइड बहुतेक इथेच थांबतात, पुढचं सांगत नाहीत. आदल्या दिवशी माइल एंडला राजाने या लोकांना वेठबिगारीतून मोकळं केल्याची पत्रं वाटली होती, शिक्का मारून. बंड शमल्यावर जुलैच्या सुरुवातीलाच ती सगळी रद्द केली. चौदा वर्षांच्या मुलाने हे एकट्याने ठरवलं असं मी म्हणत नाही, भोवती मोठी माणसं होतीच. पण लिहून दिलेला शब्द गरज संपली की परत घेता येतो हा धडा त्याने त्या उन्हाळ्यात शिकला असं मला ठामपणे वाटतं, आणि पुढची सगळी गोष्ट मी त्याच धाग्यावर सांगणार आहे.

प्रश्न : सगळे सरदार त्याच्यावर का उलटले? दुबळा होता की जुलमी? पुस्तकांत दोन्ही वाचायला मिळतं. (सांगलीहून एक शिक्षक)

सर, मला दोन्ही शब्द पुरे वाटत नाहीत. तो डूख धरणारा होता, आणि थांबायची ताकद असलेला डूखी माणूस फार धोकादायक.

थोडं मागून सांगते. विशीत असताना रिचर्डने आपल्या मर्जीतल्या लोकांवर पदव्या उधळल्या, रॉबर्ट द व्हेअर नावाच्या मित्राला तर ड्यूक ऑफ आयर्लंडच करून टाकलं. जुन्या घराण्यांना ते सहन झालं नाही. १३८७ मध्ये पाच बडे सरदार राजाच्या माणसांविरुद्ध फिर्यादी होऊन उभे राहिले: सगळ्यात धाकटा काका ग्लॉस्टर, अरंडेल, वॉरिक आणि त्यांच्यापेक्षा तरुण असे दोघे, थॉमस मॉब्रे आणि हेन्री बोलिंगब्रोक. हा हेन्री म्हणजे जॉन ऑफ गाँटचा मुलगा, रिचर्डचा सख्खा चुलत भाऊ, दोघं जवळपास एकाच वयाचे. त्याचं नाव लक्षात ठेवा. डिसेंबरमध्ये रॅडकॉट ब्रिजला द व्हेअरच्या फौजेचा धुव्वा उडाला आणि पुढच्या वर्षी जे पार्लमेंट भरलं त्याला इतिहासात निर्दय पार्लमेंट म्हणतात. त्यात राजाच्या जवळच्या माणसांना एकामागून एक मरणाची शिक्षा झाली. सर सायमन बर्ली, ज्याने रिचर्डला लहानाचं मोठं केलं, शिकवलं, त्यालाही सोडलं नाही. त्याच्या जिवासाठी राणी अ‍ॅनने गुडघे टेकून विनवण्या केल्या, तरी नाही. एकवीस वर्षांच्या राजाला हे सगळं बघत बसावं लागलं.

१३८९ मध्ये त्याने जाहीर केलं की मी आता सज्ञान आहे, कारभार माझा मी बघतो. पुढची सात-आठ वर्षं बरी गेली, सरदारांना माफी दिलेली, सगळं विसरल्यासारखं. १३९४ मध्ये राणी अ‍ॅन गेली तेव्हा मात्र आतलं थोडं बाहेर दिसलं. ती ज्या शीनच्या वाड्यात वारली तो वाडाच त्याने पाडायला लावला, आणि तिच्या अंत्यविधीला अरंडेल उशिरा आला, वर लवकर निघायची परवानगी मागायला लागला, तेव्हा राजाने एका सेवकाच्या हातातली काठी घेऊन त्याला भर चर्चमध्ये रक्त येईपर्यंत मारलं.

आणि मग जुलै १३९७, म्हणजे निर्दय पार्लमेंटनंतर नऊ वर्षांनी, त्याने ग्लॉस्टर, अरंडेल आणि वॉरिक या तिघांना एकदमच उचललं. अरंडेलने खटल्यात सांगितलं की मला राजाने माफीपत्र दिलंय. उत्तर मिळालं की ते माफीपत्र रद्द झालंय. हे उत्तर देणारा, म्हणजे त्या खटल्याचा प्रमुख, कोण होता माहितीये? जॉन ऑफ गाँट, आपल्या हेन्रीचा बाप. अरंडेलचं डोकं २१ सप्टेंबरला उडवलं. काका ग्लॉस्टर कॅलेच्या किल्ल्यात कैदेत मेला, मारलाच गेला तो, आणि वॉरिकने रडून गुन्हा कबूल केला म्हणून जिवावरचं हद्दपारीवर निभावलं.

आता उरले मॉब्रे आणि हेन्री. या दोघांना पदव्या मिळाल्या, दोघंही ड्यूक झाले, पण झोप कोणाला लागणार? त्या डिसेंबरात मॉब्रे प्रवासात हेन्रीला गाठून म्हणाला की रॅडकॉट ब्रिजसाठी आपलाही नंबर लागणार. हेन्री म्हणाला अरे आपल्याला तर माफी आहे. मॉब्रे म्हणाला, जसं बाकीच्यांचं केलं तसंच आपलं करेल. मला विचाराल तर रिचर्डची गादी त्या दिवशीच गेली, बाकी दोन वर्षं नुसती औपचारिकता. ज्या राजाच्या माफीला किंमत नाही त्याच्या राज्यात निष्ठावान राहून तरी माणसाने काय मिळवायचं, सांगा ना.

हे संभाषण राजाच्या कानावर गेलं, दोघांनी एकमेकांवर आरोप केले आणि प्रकरण द्वंद्वावर आलं. १६ सप्टेंबर १३९८, कॉव्हेंट्री, सगळं इंग्लंड बघायला जमलेलं, दोघं घोड्यावर चढून भाले सरसावणार इतक्यात राजाने हातातला दंड टाकून लढत थांबवली. मॉब्रेला जन्मभर हद्दपारी, हेन्रीला दहा वर्षं. जाताना हेन्रीला लेखी हमी मिळाली की मधल्या काळात वडील गेले तर तुझे प्रतिनिधी तुझा वारसा ताब्यात घेऊ शकतील. ३ फेब्रुवारी १३९९ ला जॉन ऑफ गाँट वारला. १८ मार्चला ती हमी रद्द, लँकेस्टरची सगळी इस्टेट राजाच्या ताब्यात, हेन्रीची हद्दपारी आता कायमची.

लँकेस्टर म्हणजे राजाच्या खालोखाल देशातली सगळ्यात मोठी जहागीर. तीच जर अशी जाते तर आपल्या दोन गावांचं काय, हा प्रश्न प्रत्येक जमीनदाराच्या घरात त्या महिन्यात विचारला गेला असणार. शिवाय सक्तीची कर्जं, माफीसाठी अख्ख्या परगण्यांकडून उकळलेले पैसे, कोऱ्या कागदांवर घेतलेले शिक्के, आणि राजाभोवती पांढऱ्या हरणाचा बिल्ला लावलेले चेशायरचे तिरंदाज बॉडीगार्ड म्हणून. एक बखरकार लिहितो की राजा जेवणानंतर संध्याकाळपर्यंत सिंहासनावर कोणाशी न बोलता बसून राहायचा आणि त्याची नजर ज्याच्यावर पडेल त्याने गुडघा टेकायचा.

प्रश्न : हेन्री मोजकी माणसं घेऊन आला आणि दोन महिन्यांत राजा झाला, हे शक्य कसं झालं? राजाचं सैन्य कुठे होतं? (नाशिक)

राजा आयर्लंडमध्ये होता! मे महिन्याच्या शेवटी रिचर्ड सैन्य, जवळचे सरदार असं सगळं घेऊन आयर्लंडला गेला, कारण आदल्या वर्षी तिथे मार्चचा अर्ल रॉजर मॉर्टिमर मारला गेला होता. ज्याची इस्टेट आत्ताच गिळली तो माणूस समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये बसलाय आणि आपण देश सोडून जायचं, याला काय म्हणावं. मागे राखणीला ठेवलं दुसऱ्या काकांना, म्हणजे यॉर्कच्या ड्यूकला, ते म्हातारे होत आलेले आणि भांडणाचा स्वभावच नाही. सोबत मात्र हेन्रीचा बारा वर्षांचा मुलगा नेला होता, त्याला तिथे स्वतःच्या हाताने नाइट केलं.

जुलैच्या सुरुवातीला हेन्री यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर रेव्हन्स्परला उतरला. ते गाव आज नाहीये, समुद्राने गिळलं. तिथून तो लँकेस्टरच्या मुलखातून चालत गेला, माणसं मिळत गेली, उत्तरेचे पर्सी बापलेक येऊन मिळाले, म्हणजे नॉर्थंबरलंडचा अर्ल आणि त्याचा मुलगा हॉट्सपर. डॉनकास्टरला हेन्रीने शपथ घेतली की मी फक्त माझ्या बापाचा वारसा मागायला आलोय, गादी नाही. असं पुढे पर्सींनीच जाहीर केलं, पण ते त्याच्याशी बिनसल्यावर. २७ जुलैला यॉर्कच्या काकांनी बर्कली इथे हात टेकले. दोन दिवसांनी ब्रिस्टलला राजाचे तीन सल्लागार, बुशी, ग्रीन आणि स्क्रोप, यांची मुंडकी उडाली.

रिचर्डला बातमी पोचली, मग जहाजं जमवायची, मग वारा, त्यात दिवस गेले. त्याने सॉल्सबरीच्या अर्लला पुढे उत्तर वेल्समध्ये पाठवलं, त्याने माणसं गोळाही केली, पण राजा येईना आणि अफवा उठली की राजा मेलाय, लोक पांगले. राजा दक्षिण वेल्समध्ये उतरला आणि काही दिवसांत रात्रीच्या अंधारात स्वतःचीच छावणी सोडून थोड्या माणसांबरोबर कॉन्वीच्या किल्ल्याकडे निघाला. सकाळी छावणीला कळलं की राजा नाही, मग तीही फुटली. स्मिथफील्डला हजारोंसमोर एकटा गेलेला तो मुलगा आणि हा रात्री निघून जाणारा बत्तीस वर्षांचा माणूस, मला हे वाचताना दर वेळी त्रास होतो.

पुढचं आपल्याला कळतं ते जाँ क्रेतोन नावाच्या फ्रेंच माणसामुळे, तो राजाबरोबर होता. तो लिहितो की वेल्समधल्या त्या रिकाम्या किल्ल्यांत राजाला गवतावर झोपावं लागलं. कॉन्वीला नॉर्थंबरलंड आला, म्हणाला हेन्रीला फक्त त्याचा वारसा हवाय आणि काही लोकांवर खटले, तुमची गादी तुमचीच. आणि पवित्र प्रसादावर हात ठेवून त्याने तशी शपथ घेतली. राजाचा विश्वास बसला. हो, पण क्रेतोन हेही सांगतो की राजा त्याआधी आपल्या माणसांना म्हणाला होता की आता काहीही कबूल करतो, पण पुढे यांचा सूड घेईन, काहींची जिवंतपणी कातडी सोलेन. म्हणजे कॉन्वीच्या किल्ल्यात दोन्हीकडून खोट्या शब्दाचीच देवघेव चाललेली! फरक एवढाच की एकाच्या मागे सैन्य होतं, टेकडीआड दबा धरून बसवलेलं. राजा किल्ल्यातून बाहेर पडला, काही मैल गेला आणि पकडला गेला.

फ्लिंटच्या किल्ल्यात नेलं त्याला. तटावर उभा राहून त्याने समुद्रकिनाऱ्याने येणारी हेन्रीची फौज बघितली. हेन्री आला, खाली वाकून मुजरा केला, आणि म्हणाला की लोकांची तक्रार आहे की तुम्ही वीस-बावीस वर्षं त्यांच्यावर नीट राज्य केलं नाही, आता मी मदत करेन. रिचर्ड म्हणाला तुम्हाला आवडेल ते आम्हाला आवडेल. मग त्याला बारक्या घोड्यावर बसवून चेस्टर आणि तिथून लंडनला नेलं. वाटेत लिचफील्डला त्याने रात्री खिडकीतून पळायचा प्रयत्न केला, सापडला.

प्रश्न : राजाचा कुत्रा त्याला सोडून हेन्रीकडे गेला हे खरं का? (नागपूरहून नववीतली वाचक)

ही गोष्ट फ्रुआसार नावाच्या बखरकाराने लिहिली आहे. राजाचा शिकारी कुत्रा फक्त राजाच्याच अंगावर झेप घ्यायचा, त्या दिवशी त्याने राजाकडे बघितलंही नाही आणि हेन्रीच्या खांद्यावर पंजे ठेवले. पण बेटा, फ्रुआसार तिथे नव्हता, आणि क्रेतोन जो तिथे होता तो कुत्र्याचं नावही काढत नाही. त्यामुळे मी ही लोकांनी रचलेली गोष्ट धरते.

प्रश्न : राजाला कायदेशीर पदच्युत करायची पद्धत काय होती? मी वकील आहे म्हणून विचारतो. (सातारा)

पद्धतच नव्हती हो, तीच तर अडचण. आधीचं एकच उदाहरण, १३२७ सालचं, दुसऱ्या एडवर्डचं, म्हणजे रिचर्डच्या पणजोबाचं. पण तिथे गादी मुलाकडे गेली होती, घराण्याची लाइन तुटली नव्हती. रिचर्डला मूलबाळ नव्हतं, आणि नात्याच्या क्रमाने बघितलं तर मॉर्टिमर घराण्यातला सात वर्षांचा एडमंड हेन्रीच्या पुढे होता, कारण त्याचं नातं जॉन ऑफ गाँटच्या थोरल्या भावाकडून, फक्त मधे एक बाई येते.

म्हणून काय केलं तर दोन्ही बाजूंनी पक्कं केलं. २९ सप्टेंबरला टॉवरमध्ये रिचर्डकडून राज्यत्याग लिहून घेतला. सरकारी दप्तर सांगतं की त्याने हसतमुखाने सही केली, पण त्याच दिवसांबद्दलच्या इतर लेखनात तो संतापलेला, हुज्जत घालणारा दिसतो आणि मला तेच पटतं. दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सभा भरली, सिंहासन रिकामं, त्यावर जरीचं कापड. राज्यत्याग आहे म्हटल्यावर आरोपांची गरजच नव्हती, तरी तेहेतीस कलमं तयार करून मांडली. त्यातलं एक असं की राजा म्हणे कायदे माझ्या तोंडात आहेत, कधी म्हणे माझ्या छातीत आहेत. आणि हेन्रीच्या वारशाचं कलमही होतंच. मग हेन्री उठला आणि इंग्रजीत बोलला, दरबाराच्या लॅटिन-फ्रेंचमध्ये नाही, की जुना राजा तिसरा हेन्री याच्या रक्ताने गादी माझी आहे आणि देवाने मला ती परत मिळवायला धाडलंय. वकीलसाहेब, वारसा, विजय, लोकांची संमती असं सगळंच त्याने एकत्र कालवलं, कारण एकेक दाखला सुटा धरला तर टिकत नव्हता. १३ ऑक्टोबरला चौथा हेन्री म्हणून त्याचा राज्याभिषेक झाला.

त्या हॉलचं लाकडी छत बघितलंय का कोणी? मधे एकही खांब नाही, रुंदी जवळजवळ एकवीस मीटर, ओकच्या प्रचंड तुळया आणि त्यांवर कोरलेले देवदूत. ते रिचर्डने बांधून घेतलं होतं, काम नुकतं कुठे होत आलेलं. त्याच छताखाली त्याला काढलं.

एक आठवण इथेच सांगते. २१ सप्टेंबरला अ‍ॅडम ऑफ अस्क नावाचा पंडित टॉवरमध्ये राजाच्या जेवणाला हजर होता. रिचर्ड इंग्लंडच्या जुन्या राजांच्या गोष्टी सांगत होता, म्हणाला की देवा, हा कसला विचित्र आणि चंचल देश आहे, याने किती राजे हद्दपार केले, किती मारले. अस्क हेन्रीच्या बाजूचा माणूस, पण आजूबाजूला एकही जुना नोकर नाही, सगळे अनोळखी पहारेकरी, हे बघून त्यालाही वाईट वाटलं. अरंडेलचं डोकं उडवल्याला त्या दिवशी बरोब्बर दोन वर्षं झाली होती, हे त्यानेच नोंदवलंय.

प्रश्न : मुख्य प्रश्न. शेक्सपिअरच्या नाटकात एक्स्टन त्याला कोठडीत येऊन मारतो. खरं काय? (पुणे, मुंबई, बेळगाव, बडोदा इथून बरीच पत्रं)

ऑक्टोबरच्या शेवटी त्याला जन्मठेप ठरली, आणि तीही गुप्त जागी. वेषांतर करून टॉवरमधून हलवलं, शेवटी यॉर्कशायरमधल्या पॉन्टेफ्रॅक्टच्या किल्ल्यात ठेवलं, जो लँकेस्टर घराण्याचा स्वतःचा किल्ला.

त्याला जिवंत ठेवायचं हेन्रीच्या मनात असेलही. पण जानेवारी १४०० मध्ये रिचर्डच्या माणसांनी कट केला, विंडसरला सणाच्या गर्दीत घुसून हेन्री आणि त्याच्या मुलांना संपवायचं. कट फुटला, हेन्री लंडनला निसटला. केंट आणि सॉल्सबरीच्या अर्लना सायरेन्सेस्टरच्या गावकऱ्यांनीच धरून मारलं, रिचर्डसारखा दिसणारा एक पाद्री होता मॉडलिन नावाचा, त्याला फाशी. आणि त्या क्षणापासून पॉन्टेफ्रॅक्टमधला कैदी जगणं शक्य नव्हतं. मित्रांनी त्याला सोडवायला जाऊन त्याच्या मरणावर शिक्का मारला, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात वाईट वाटतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हेन्रीच्या सल्लागार मंडळाची एक नोंद आहे: रिचर्ड अजून जिवंत असेल तर सुरक्षित जागी ठेवावा, आणि मेला असेल तर लोकांना उघड दाखवावा. ही नोंद शांतपणे दोनदा वाचा. तेहेतीस वर्षांचा, कुठलं दुखणं नसलेला माणूस, त्याच्या मरणाची चर्चा मंडळात आधीच चाललीये. १४ फेब्रुवारी १४०० च्या सुमारास तो गेला.

हेन्रीच्या बाजूचे लोक म्हणाले की मित्र मेल्याच्या दुःखाने त्याने अन्न सोडलं. विरोधक म्हणाले की त्याला अन्नच दिलं नाही, आणि १४०३ मध्ये पर्सी बंडाला उभे राहिले तेव्हा त्यांनी हेन्रीवर हाच आरोप केला, उपाशी ठेवून मारल्याचा. एक्स्टनने कुऱ्हाडीने मारल्याची गोष्ट एका फ्रेंच बखरीतली, सर पीटर एक्स्टन आठ माणसं घेऊन येतो, राजा एकाच्या हातातलं हत्यार हिसकावून चौघांना लोळवतो आणि मग डोक्यावर घाव बसतो. तीच गोष्ट शेवटी शेक्सपिअरपर्यंत पोचली. रंगमंचावर ती छान दिसते, राजा निदान लढून मरतो. पण १८७१ मध्ये वेस्टमिन्स्टरची कबर उघडून हाडं तपासली तेव्हा कवटीवर घावाची एकही खूण मिळाली नाही.

म्हणजे भूक. स्वतः जेवला नाही की जेवायला दिलं नाही यावर अजून वाद होतात, पण ती सल्लागार मंडळाची नोंद वाचल्यावर मी त्याला खून म्हणते. भुकेने मारलं की अंगावर जखम राहत नाही, आणि यांना तर तोंड लोकांना दाखवायचं होतं! शव शिशाने मढवून कपाळापासून गळ्यापर्यंतचा भाग फक्त उघडा ठेवला, गावोगाव दाखवत लंडनला आणलं, सेंट पॉलमध्ये दोन दिवस ठेवलं. हेन्री स्वतः प्रार्थनेला हजर होता. मग वेस्टमिन्स्टरला, अ‍ॅनच्या शेजारी, जिथे रिचर्डने आपली जागा केव्हाच करून ठेवली होती तिथे न पुरता हर्टफर्डशायरमध्ये किंग्ज लँग्लीच्या मठात गुपचूप पुरलं.

प्रश्न : चेहरा दाखवूनही तो जिवंत असल्याच्या अफवा का उठल्या? (कोल्हापूर)

महिनोन् महिने कैदेत राहून वाळलेला चेहरा कोण ओळखणार? स्कॉटलंडमध्ये एक माणूस रिचर्ड म्हणून पुढे आला, इंग्रज सरकारच्या म्हणण्यानुसार तो ट्रम्पिंग्टनचा थॉमस वॉर्ड. स्कॉटिश दरबाराने त्याला पोसलं, कारण हेन्रीला टोचायला बरा. १४०२ मध्ये राजा जिवंत आहे असं सांगत फिरल्याबद्दल लेस्टरच्या फ्रान्सिस्कन साधूंना फाशी झाली. तो माणूस १४१९ मध्ये स्टर्लिंगला मेला, म्हणजे चौथा हेन्री स्वतः १४१३ मध्ये गेला त्यानंतरही सहा वर्षं हा तोतया रिचर्ड जिवंत होता.

प्रश्न : आणि राणीचं काय झालं? (ठाण्याच्याच वाचकांच्या सूनबाई)

अ‍ॅननंतर रिचर्डने १३९६ मध्ये फ्रान्सच्या राजकन्येशी लग्न केलं होतं, इझाबेला, वय सात पूर्ण व्हायचं होतं. तहासाठीचं लग्न. पण रिचर्ड त्या पोरीशी मायेने वागायचा, आयर्लंडला निघताना विंडसरला तिचा निरोप घेतला ती त्यांची शेवटची भेट. दहाव्या वर्षी ती विधवा झाली, १४०१ मध्ये तिला माहेरी पाठवलं, पुढे दुसरं लग्न झालं आणि एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात गेली.

आता ठाण्याच्या ताईंच्या त्या तुटलेल्या हातांबद्दल, ते सुरुवातीलाच सांगायचं राहिलं. ती कबर रिचर्डने १३९५ मध्ये स्वतःच बनवायला दिली होती, अ‍ॅन गेल्याच्या पुढच्या वर्षी. तांब्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या मूर्ती, आणि करारातच लिहिलेलं की दोघांनी एकमेकांचे उजवे हात धरलेले हवेत. ते हात पुढे कोणीतरी तोडून नेले. त्याला तिथे आणलं ते १४१३ मध्ये, पाचव्या हेन्रीने, गादीवर आल्याच्या पहिल्याच वर्षी, मोठ्या इतमामाने. हा पाचवा हेन्री म्हणजे आयर्लंडमध्ये रिचर्डने ज्याला नाइट केलं होतं तोच मुलगा.

तिथेही हाडांना स्वस्थता नव्हती. कबरीच्या बाजूला भोकं पडली होती, १७६६ मध्ये शेजारच्या शाळेतल्या एका मुलाने त्यातून हात घालून राजाचा जबडा काढून नेला. तो त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या राहिला आणि १९०६ मध्ये त्याच्या वंशजांनी परत आणून दिला, मग पुन्हा कबरीत ठेवला.